बिनमाशाची बरणी

विज्ञान विभागाच्या तळघरातलं स्टोअर मी सत्तावीस वर्षं सांभाळलं. बरण्या, नळ्या, गाळणकागद, हातमोजे, दिव्याचे गोळे. ज्याला जे हवं त्यानं ते चिठ्ठीवर लिहायचं, आपल्या सरांची सही आणायची आणि जिना उतरून माझ्याकडे यायचं. कशासाठी हवंय हे विचारणं माझ्या कामात बसत नव्हतं. खरं सांगायचं तर तेवढी हौसही नव्हती. वरच्या मजल्यांवर काय चालतं ते माझ्या डोक्यावरून जायचं आणि मी ते जाऊ द्यायचो.

जिची ही गोष्ट आहे ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या चिठ्ठीवर चाळीस बरण्या होत्या.

"चाळीस? लोणचं घालणार आहेस की काय?"

"नाही," ती म्हणाली आणि बरण्या उचलायला लागली.

विनोद वाया गेला याचं मला जरा लागलंच. पण आठ खेपांत तिनं चाळीसच्या चाळीस बरण्या वर नेल्या, एकही न फोडता, आणि शेवटच्या खेपेला "येते काका" म्हणून गेली. मला काका म्हणणारी त्या इमारतीत ती एकटीच. बाकीच्यांच्या लेखी मी म्हणजे 'स्टोअर'. स्टोअर आलं का, स्टोअर जेवायला गेलं का, स्टोअरला विचार.

तिला वर सगळे गप्पी म्हणत. डबक्यात डास होऊ नयेत म्हणून बोटाच्या पेराएवढा जो मासा सोडतात, डासांच्या अळ्या खाणारा, तो गप्पी मासा. तिचं सगळं संशोधन त्याच्यावर. शिवाय पहिले सहा महिने ती कोणाशी फारसं बोललीच नाही. गप्प बसणारी म्हणूनही गप्पी. हे नाव ज्याला सुचलं तो स्वतःवर इतका खूश झाला की पुढे तिचं खरं नाव कोणाच्या तोंडी राहिलंच नाही. मीही तिला गप्पीच म्हणायचो. चिठ्ठीवर तिचं नाव दर आठवड्याला वाचायचो, तरीसुद्धा.

वाईट वागणारं तिथं कोणी नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. तिच्याबरोबर सहा विद्यार्थी होते, हसरी, चांगल्या घरची मुलं. सुरुवातीला दुपारी तिला जेवायला हाक मारायची. एके दिवशी जेवताना कोणीतरी सहज विचारलं, "तू राहतेस कुठे गं?"

"नाल्यापलीकडे."

"अगं बाई! तिकडे लोकसुद्धा राहतात?"

टेबलावर हशा पिकला. तीही हसली म्हणे. शहराच्या कडेनं एक मोठा नाला जातो. त्याच्यापलीकडच्या वस्तीतली माणसं फार पूर्वी कुठून तरी येऊन राहिलेली. बोली वेगळी, आडनावं वेगळी. गावात त्यांना 'नाल्यापलीकडचे' एवढंच म्हणतात आणि तेवढ्यात सगळं आलं असं समजतात. त्या दिवसानंतर जेवायची वेळ झाली की ती म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, माझ्या अळ्या मोजायच्या राहिल्यात." दोन-तीन आठवड्यांनी हाक मारणंही थांबलं. कोणी भांडलं नाही, कोणी काही ठरवलं नाही. जिन्याखालच्या माशांच्या खोलीत ती डबा उघडायची आणि बरण्यांकडे बघत जेवायची. अशी दोन वर्षं.

मी रोज त्या खोलीवरून जायचो. दार उघडंच असायचं. ताटासारखा सपाट पांढरा दिवा, त्यावर बरणी, हातात दाबलं की आकडा पुढे जाणारं मोजणीचं बटण, टक टक टक. मी मान हलवायचो, ती मान हलवायची. एवढाच आमचा संबंध. आता वाटतं, दोन मिनिटं थांबलो असतो तर माझं काय जात होतं?

तिच्या सरांनी एक दिवस तिच्या टेबलावर एक पत्रक ठेवलं. विज्ञान शिकणाऱ्या अल्पसंख्य विद्यार्थ्यांची, म्हणजे ज्यांच्या गटातलं विज्ञानात फारसं कोणी नसतं अशांची, तीन दिवसांची परिषद, दुसऱ्या शहरात. जाण्यायेण्याची, राहण्याची सोय तेच करणार.

"हे बघ," सर म्हणाले, "अगदी तुझ्यासाठीच आहे." आणि घाईनं वर्गावर गेले. सर माणूस म्हणून चांगले, पण कायम घाईत.

अर्ज भरताना तिचं घोडं एका रकान्यापाशी अडलं. 'आपण कोणत्या गटातून येता?' खाली एकच ओळ मोकळी. ती कागद घेऊन माझ्याकडे उतरली.

"काका, इथे काय लिहू?"

"जे आहे ते लिही."

ती काउंटरवर वाकून बराच वेळ उभी होती. मग तिनं लिहिलं, 'आमच्या वस्तीतून विज्ञान शिकायला आलेली मी एकटी आहे.' ओळीच्या मानानं वाक्य लांब झालं, शेवटचे शब्द समासात चढले. आठवड्याच्या आत परिषदेकडून होकार आला.

तिचे वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, 'येथे वाहने लावू नयेत'च्या. छापील फलक आल्यापासून काम निम्म्यावर आलं होतं, पण हात अजून पक्का. परिषदेत लावायचं तिचं भित्तिपत्रक छापून आलं, तेव्हा तिनं ते घरी जमिनीवर पसरलं. डाव्या बाजूला प्रयोग कसा केला ते, मध्ये आलेख, उजवीकडे निष्कर्ष. वडील गुडघ्यांवर हात टेकून वाकले.

"अक्षरं मुंग्यांएवढी केलीत. चालत्या माणसाला तीन शब्द वाचता येतात. चौथ्याला तो पुढे गेलेला असतो."

"तिथे लोक थांबून वाचतात, बाबा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "मला काय, रस्त्यावरच्या लोकांची सवय."

आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात इस्त्री करायची. दिवसभर चादरींना इस्त्री करून आलेली बाई, पण लेकीच्या दोन ड्रेसना घरी पुन्हा इस्त्री केली, कॉलरच्या आतूनसुद्धा. पिशवी भरताना तिनं एकच विचारलं, "तिथे आपली माणसं असतील ना गं?"

"तिथे सगळी आपलीच असणार, आई. त्याच्यासाठीच तर आहे."

गाडीत आठ तास ती भित्तिपत्रकाची नळी मांडीवर आडवी धरून बसली होती. हे आणि पुढचं सगळं तिनं मला नंतर सांगितलं. सलग नाही; ती सलग सांगणारी नव्हेच. बरण्या धुता धुता एखादं वाक्य, दोन दिवसांनी दुसरं. मी ते एका ओळीत लावतोय, एवढंच.

परिषदेची इमारत मोठी, जमिनीवर जाड गालिचे, पावलांचा आवाजच नाही. दारात प्रत्येकाला गळ्यात घालायला नावाचं कार्ड दिलं. पहिल्यांदा आलेल्यांच्या कार्डाला पिवळी फीत, म्हणजे जुन्या मंडळींनी त्यांना ओळखावं आणि आपणहून बोलायला यावं. कल्पना चांगली होती. प्रत्यक्षात जुनी मंडळी वर्षभरानं भेटत होती, ती एकमेकांच्या गळ्यात पडण्यात दंग. आणि पिवळ्या फितीवाले भिंतीला धरून उभे, एकमेकांच्या फितीकडे बघायचे आणि कोणी आपल्याला बघितलं की मान वळवायचे.

तिला एक फाईल मिळाली. तीत तीनशे बारा जणांची यादी होती, नाव आणि संस्था. ती एका खांबाआड गेली आणि यादी वाचायला लागली. संस्थांची नावं तिनं वाचलीच नाहीत. ती फक्त आडनावं बघत होती. आपल्या वस्तीतल्यासारखं एखादं. एकदा वाचून झाली, मग वाटलं घाईत सुटलं असेल, म्हणून परत. मग उलटीकडून. अळ्या मोजताना ती तसंच करायची, उलटसुलट, म्हणजे चूक सापडते. इथे तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

खोली दोघींत एक होती. जोडीदारीण डोंगरातल्या लोकांपैकी, रसायनशास्त्राची, तिसऱ्यांदा आलेली. तोंडाची फटफटी, पण मनानं मोकळी. आल्या आल्या म्हणाली, "पिवळी फीत? अरे वा! चल, तुला सगळ्यांना भेटवते." आणि हाताला धरून जेवणाच्या टेबलावर घेऊन गेली. आठ जणांचं टेबल. गेल्या वर्षी कोणाचं भाषण चालू असताना दिवे गेले, कोण खुर्चीवरून पडलं, आठवून आठवून सगळे हसत होते. जोडीदारीण मध्येच तिच्याकडे वळून समजावून सांगायची, "म्हणजे काय झालं होतं, की..." आणि समजावून होईपर्यंत टेबल पुढच्या गोष्टीवर गेलेलं असायचं. गप्पी प्रत्येक वेळी जरा उशिरा हसली. मग पाणी आणायला म्हणून उठली आणि पाण्याच्या मशीनपाशीच उभी राहिली. पेला भरला, प्यायली, पुन्हा भरला. परत टेबलाकडे जाणं तिच्या जिवावर आलं होतं. आमच्या विभागात एकटं बसायला तिच्याकडे निदान बरण्या होत्या.

खोलीत आल्यावर जोडीदारीण फोनवर तिच्या आईशी तिच्या बोलीत बोलत होती. एक शब्द कळत नव्हता, पण चाल कळत होती. गप्पीनंही घरी फोन लावला.

"भेटली का आपली माणसं?" आईनं विचारलं.

"हो, भरपूर आहेत."

"बरं झालं बाई. मला तीच काळजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं नाव एका गटात होतं. बारा खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये छोट्या टेबलावर कागदी रुमालांचा डबा. गट चालवणाऱ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "इथं पोहोचायला तुम्हाला काय काय सोसावं लागलं, ते आज मोकळेपणानं सांगा." मग एकेक बोलू लागला. चाकाच्या खुर्चीतला एक तरुण ताऱ्यांचा अभ्यास करत होता आणि त्याच्या वेधशाळेला चौऱ्याऐंशी पायऱ्या होत्या. एक मुलगी म्हणाली, तिच्या प्राध्यापकांनी चार वर्षांत तिचं नाव एकदाही बरोबर उच्चारलं नाही आणि शेवटी तिनं स्वतःच बदललं. एकाला वसतिगृहात खोली नाकारली होती. रुमालांचा डबा हातोहात फिरत होता. ऐकता ऐकता गप्पीच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण आपली पाळी जवळ येत गेली, तरी आपल्याकडे सांगायला काय आहे हे तिला सापडेना.

"मला," ती म्हणाली, "कोणी अडवलं नाही. माशांसाठी खोली मिळाली, सर चांगले आहेत. कोणी वाईट बोललं नाही." मांडीवर आलेला रुमालांचा डबा तिनं सरळ केला. "फक्त बरोबर कोणी नव्हतं."

सगळे वाट बघत होते, पुढे काही येईल म्हणून. पुढे काही नव्हतं.

"किती छान सांगितलंत," बाई म्हणाल्या आणि शेजारच्या मुलाकडे वळल्या. डबाही तिच्या मांडीवरून पुढे गेला.

"काका, मला वाटलं मी फसवून आत शिरलेय," ती मला म्हणाली. "तिकीट दुसऱ्याचं आणि बसलेय मी."

दुपारी भित्तिपत्रकांचं सत्र. मोठ्या दालनात फळ्यांच्या रांगा, प्रत्येकाला एक फळा. तिचा कोपऱ्यात, आग विझवायच्या नळकांड्याशेजारी. तिनं चारही कोपऱ्यांना टाचण्या लावल्या, ड्रेस नीट केला आणि उभी राहिली. सवयीनं मोजायलाही लागली. पहिल्या तासात एकसष्ट माणसं समोरून गेली. चौघांनी चाल मंद केली. त्यातल्या एकानं स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. तिच्या बाबांचे तीन शब्द तिला आठवले. त्यांना फोनवर हे कसं सांगायचं याचाही तिनं विचार केला आणि सांगायचं नाही असं ठरवलं.

एक जण थांबला तो परिषदेचा फोटोग्राफर. "तुम्ही त्या वस्तीतल्या ना? एकट्याच? मला सांगितलंय तुमचा फोटो घ्यायला. आलेखाकडे बोट दाखवा. जरा हसा. अभिमानानं हसा." तिला अभिमानानं हसणं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ती नुसती हसली. त्यानं तीन फोटो काढले आणि कशाबद्दलचं काम आहे हे न विचारता पुढे गेला.

सत्र संपायला आलं तेव्हा एक म्हातारी बाई आली. पिकलेले आखूड केस, कानात ऐकायचं यंत्र, गळ्यात कार्ड नाही, फीत नाही. भाची तिथं कामाला होती, तिच्याबरोबर एका दिवसापुरती आलेली. या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, नाक कागदाला टेकेल इतक्या जवळ गेल्या आणि डाव्या बाजूपासून, प्रयोग कसा केला त्या बारीक अक्षरांपासून वाचायला सुरुवात केली. बोट ओळीखालून सरकत होतं. गप्पी बाजूला उभी. तिचं काम पहिल्या ओळीपासून कोणी वाचताना ती प्रथमच बघत होती.

काम तसं साधं होतं. एका बरणीत पन्नास अळ्या आणि एक मासा, एक दिवस ठेवायचं. स्वच्छ पाण्यात दिवसाअखेर चव्वेचाळीस अळ्या गायब व्हायच्या. पाण्यात माती कालवून गढूळ केलं तर एकवीसच. म्हणजे गढूळ पाण्यात मासा निम्मंच खातो, हा तिचा निष्कर्ष. त्यावर दोन वर्षं गेली होती, प्रबंध त्यावर उभा होता.

"गढूळ पाण्यात, पण मासा नाही, ती बरणी कुठे आहे?" बाईंनी मान न वळवता विचारलं.

"ती... नाहीये."

"का नाहीये?"

"बिनमाशाची स्वच्छ पाण्यात ठेवली होती. तिथे अळ्या जवळजवळ सगळ्या जगल्या. म्हणून मला वाटलं, गढूळमध्येही..."

"वाटलं." बाईंनी चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडे बघितलं. "अळी श्वास कशी घेते?"

"शेपटीकडच्या नळीनं. पाण्याच्या वर येऊन."

"आणि त्या नळीत गाळ बसला तर?"

गप्पीनं आलेखातल्या एकवीसकडे बघितलं.

"बसतो की नाही मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तुलाही माहीत नाही. तुझा आलेख मात्र माहीत असल्यासारखा बोलतोय."

दोन वर्षं, चाळीस बरण्या, हजारो अळ्या, आणि एक बरणी ठेवायची राहिली होती. सरांच्या नजरेतून सुटली, सहा विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटली. त्यांनी बघितलंच कधी होतं म्हणा. ती म्हणाली, "मी हे काढून ठेवते," आणि टाचणी उपसायला लागली.

"अगं थांब! मी अजून वाचतेय."

बाईंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बसल्या. पस्तीस वर्षं त्यांनी एका सरकारी प्रयोगशाळेत डासच मोजले होते. पर्समधून पेन्सिल काढून त्यांनी थेट भित्तिपत्रकावर खुणा करायला सुरुवात केली. पाणी किती गढूळ ते मोजलंस कशानं? माती कुठली? मासा आदल्या दिवशी उपाशी होता का? नर की मादी? मादी जास्त खाते, माहितीये ना? गप्पी उत्तरं देत होती, सुरुवातीला अडखळत, मग भरभर, मग बाईंच्या हातातली पेन्सिल घेऊन स्वतःच कागदावर काढून दाखवायला लागली. आपण इतकं बोलू शकतो याचं तिलाच नवल वाटलं. आजूबाजूची भित्तिपत्रकं उतरली, दालन रिकामं झालं, झाडूवाली येऊन उभी राहिली.

मध्ये केव्हातरी, सकाळपासून सगळेच विचारत होते म्हणून, तिनं आपणहून सांगून टाकलं, "मी नाल्यापलीकडची आहे."

"नाला वाहता आहे की साचलेला?" बाईंनी विचारलं.

हे सांगताना गप्पी माझ्यासमोर पहिल्यांदा मोठ्यानं हसली, आणि मग तिनं बरणी खाली ठेवून मनगटानं डोळे पुसले. "काका, जन्मापासून मी हे सांगत आलेय. त्याच्यावर असा प्रश्न कोणी विचारला नव्हता."

बाई त्याच संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी बक्षिसं होती. जोडीदारणीला रसायनशास्त्राचं पहिलं मिळालं, तिनं स्टेजवरून गप्पीला हात केला. समारोपात सगळ्यांनी हात धरून मोठं कडं केलं. गप्पीच्या उजव्या हाताला जो होता त्यानं घाम पुसण्यासाठी हात सोडवून घेतला आणि मग पुन्हा धरलाच नाही. परतीच्या गाडीत तिच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथं तिनं नळी ठेवली.

सोमवारी सकाळी मी स्टोअर उघडत होतो, तर ती जिन्यात बसलेली. घरी जाऊन, तोंड धुऊन तशीच आलेली.

"काका, वीस बरण्या हव्यात."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. सर अजून यायचेत. पण मला आजच सुरू करायचंय."

इतक्या वर्षांत जे मी कोणाला विचारलं नव्हतं ते त्या दिवशी तोंडून गेलं. "कशाला गं?"

ती एक तास बोलली. मी कुलूप हातात धरून उभा होतो. अळीची नळी, गाळ, माती, बिनमाशाची बरणी, सगळं तिनं समजावलं, आणि मला कळलं. मला, ज्याच्या डोक्यावरून सगळं जायचं. वीस बरण्या मी स्वतः वर पोहोचवल्या.

सरांना हे सांगणं अवघड गेलं. प्रबंध तीन महिन्यांवर होता. सर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "अगं, कोणी विचारलं नसतं."

"विचारलंय सर. एकांनी."

सरांनी वर बघितलं, आणि नेहमीची घाई न करता तिला बसायला सांगितलं. मग मुदतवाढीच्या अर्जावर सही केली.

अकरा आठवडे लागले. गढूळ पाणी, पन्नास अळ्या, मासा नाही. मासा नसतानाही दर बरणीत सरासरी तेरा अळ्या आपल्या आपण मेल्या आणि गाळात दिसेनाशा झाल्या. म्हणजे ज्या एकवीस ती माशाच्या नावावर घालत होती, त्यातल्या तेरा त्यानं खाल्ल्याच नव्हत्या. राहिल्या आठ. गढूळ पाण्यात मासा जवळजवळ उपाशीच पोहतो. दिसत नसेल बिचाऱ्याला. 'निम्मं खातो' हा निष्कर्ष तिनं स्वतःच्या हातानं खोडला. प्रबंध मंजूर झाला. तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणाले की यात सगळ्यात पक्कं प्रकरण हे शेवटचंच आहे. त्यानंतर सगळे चहाला गेले. तिनं त्या दिवशी डबा कुठे खाल्ला ते मी विचारलं नाही. माशांच्या खोलीचं दार उघडं होतं.

तिनं बाईंना पत्र लिहिलं. उत्तर आलं दोन ओळींचं: 'आठ बरोबर वाटतात. आता साचलेल्या पाण्यात करून बघ.' दुसऱ्या पत्राला उत्तर आलं नाही. तिसऱ्याला भाचीचं आलं. मावशींना आता दिसत नाही, म्हणून मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं की बरण्या झाकल्या होत्या का. गप्पीनं लगेच कळवलं, हो, जाळीच्या कापडानं. त्यानंतर पत्रं थांबली.

पुढच्या वर्षी परिषदेचं पत्रक आलं तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर तिचाच फोटो होता. आलेखाकडे बोट दाखवणारी, हसणारी. बोट नेमकं एकवीसवर. तिनं आयोजकांना नम्रपणे कळवलं की तो आकडा चुकीचा निघाला, कृपया फोटो बदलावा. त्यांचं उत्तर आलं की फोटो फार प्रेरणादायी आहे आणि आकडा वाचता येत नाही. आईनं ते पान कापून घरी भिंतीवर लावलं. वडिलांनी चौकट रंगवली. दोघांना तिनं आकड्याचं काही सांगितलं नाही.

मी निवृत्त झालो. ती नगरपालिकेच्या डासविभागात लागली. पूर्वी ते लोक दिसेल त्या पाण्यात मासे सोडून मोकळे व्हायचे. आता आधी पाण्याचा नमुना तिच्याकडे जातो. मध्ये एकदा मी तिला भेटायला गेलो. पाणी उपसायच्या केंद्राच्या मागे एक खोली, एक खिडकी, फळीवर रांगेनं बरण्या. पंपाचा आवाज सतत. बाहेर तिच्या नावाची पाटी होती, वडिलांच्या हातची, ठसठशीत अक्षरात. मी ती दारात उभा राहून पूर्ण वाचली, आणि मग तिला त्या नावानं हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती दचकलीच.

"करमतं का इथं?" मी विचारलं.

"करमतं असं नाही, काका," ती स्टूल पुढे करत म्हणाली. "दिवस दिवस कोणी येत नाही. फोन येतात, पण ते पाण्याबद्दल असतात."

मग तिनं नवी बरणी दिव्यावर ठेवली आणि म्हणाली, "जरा थांबा हं, मोजणी सुरू झाली की मध्ये बोलता येत नाही." मी थांबलो. पंप धडधडत होता, बटण वाजत होतं. एक बरणी झाली, दुसरी झाली. मला कुठं जायचं नव्हतं.